समुद्री टाकीत पहिला मासा सोडण्याआधी: टाकी ‘सायकल’ कशी करायची

नवीन समुद्री टाकीतला क्लाउनफिश चौथ्या-पाचव्या दिवशी कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागला, की बहुतेकांना वाटतं मासाच आजारी आला असेल. पाणी नितळ असतं, पंप चालू असतो, खारटपणा मोजलेला असतो. पण त्या नितळ पाण्यात माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडलेला अमोनिया साचत असतो आणि तो संपवणारे जिवाणू टाकीत अजून तयारच झालेले नसतात. मासा स्वतःच्याच उत्सर्जनात गुदमरतो. हे पूर्णपणे टाळता येतं. त्यासाठी मासा आणण्याआधी टाकीला काही आठवडे द्यावे लागतात आणि त्या आठवड्यांत काय चाललंय ते मोजावं लागतं.

या लेखात मी एकच उदाहरण धरून चालतो: १०० × ४५ × ४५ सेंटिमीटरची काचेची टाकी, घर पुण्या-मुंबईकडचा फ्लॅट, खडक कोरडा, म्हणजे जिवाणू नसलेला. तुमची टाकी लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

टाकीत नेमकं काय घडायला हवं

माशाचं उत्सर्जन, उरलेलं खाद्य, मेलेला जीव, या सगळ्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सहन होतं. ते पाणी बदलून काढता येतं, शेवाळं आणि प्रवाळही वापरतात. हे दोन्ही गट खडकावर, वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर पुरेशा संख्येने बसले, म्हणजे टाकी सायकल झाली. हे जिवाणू पाण्यात फार कमी असतात, पृष्ठभागांवर वसतात. म्हणून जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी आणून ओतल्याने विशेष काही साधत नाही. त्याच टाकीतला एखादा खडक किंवा फिल्टरचा स्पंज मिळाला तर मात्र फरक पडतो. अर्थात ती टाकी निरोगी आहे याची खात्री असेल तरच, कारण खडकासोबत रोगजंतूही येतात.

वेळ का लागतो, तर हे जिवाणू मंद वाढतात. अन्न कुजवणारे साधे जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात. अमोनियावर जगणाऱ्यांना चांगल्या परिस्थितीतही आठ तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत वेळ लागतो. सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून वाढवले. सेंद्रिय अन्नावर वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धती तिथे चालत नव्हत्या, कारण हे जीव अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात. त्यांना खाद्याचे दाणे नकोत. अमोनिया आणि भरपूर प्राणवायू हवा.

समुद्री टाकीत अमोनिया जास्त घातक का, तेही समजून घ्या. पाण्यात तो दोन रूपांत असतो: अमोनियम, जो तुलनेने निरुपद्रवी, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. सामू (पीएच) जितका जास्त तितका मुक्त अमोनियाचा वाटा मोठा. समुद्री टाकीचा सामू ८.१ ते ८.४ असतो, तिथे हा वाटा ७ सामूच्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त असतो. गोड्या पाण्याच्या टाकीत जो आकडा चालून गेला, तोच इथे मासा मारतो. नायट्राइटचं मात्र उलट आहे. खाऱ्या पाण्यातला भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे समुद्री माशांना नायट्राइटचा त्रास बराच कमी. हा फरक शेवटी निर्णय घेताना उपयोगी पडेल.

पाणी आणि मीठ

नळाचं पाणी थेट वापरू नका. त्यात क्लोरीन असतो, सिलिकेट आणि फॉस्फेट असू शकतात, जुन्या इमारतींत धातूही येतात. आरओ-डीआयचं, म्हणजे आरओच्या मेम्ब्रेनमधून आणि मग उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं पाणी लागतं. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का, असं सगळेच विचारतात. ते तसंच चालत नाही. पिण्याच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, त्यामुळे पाण्यात पुन्हा क्षार मिसळलेले असतात. तो भाग वगळून, मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी डीआय रेझिनच्या कार्ट्रिजमधून नेलं तर काम होतं.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला समुद्राचंच पाणी आणावंसं वाटतं. किनाऱ्यालगतचं पाणी गाळाचं असतं, खाडीजवळ सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात नद्यांच्या पुराने खारटपणा चांगलाच खाली येतो. रीफ (प्रवाळांच्या) टाकीसाठी बनवलेलं कृत्रिम मीठ घ्या. स्वयंपाकाचं किंवा मिठागरातलं मीठ चालणार नाही. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट यांचं समुद्रातलं प्रमाण नसतं.

लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. लिटरला ३७-३८ ग्रॅम मीठ लागतं, ब्रँडप्रमाणे थोडं मागेपुढे. आपल्या टाकीत खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण १७० लिटर पाणी मावतं, म्हणजे साडेसहा किलोच्या आसपास मीठ. भरताना बादल्या मोजा. हा खरा आकडा पुढे प्रत्येक हिशोबात लागणार आहे. काचेवरून काढलेलं घनफळ उपयोगाचं नाही.

मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका. सुरुवातीच्या दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि ते पुन्हा विरघळत नाही. ड्रममध्ये पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून रात्रभर फिरू द्या, मग मोजा. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारटपणा दाखवणारं उपकरण) घ्या आणि त्याचं कॅलिब्रेशन ३५ पीपीटीच्या द्रावणावर करा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर ३५ पाशी दोन-तीन अंकांनी चुकू शकतो.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि रोज तेवढं गोडं आरओ-डीआय पाणीच भरा. उन्हाळ्यात पंख्याखालच्या टाकीतून रोज दोन-तीन लिटर सहज उडतं. आठवडाभर दुर्लक्ष केलं तर खारटपणा ४० कडे सरकतो.

खडक आणि वाळू

कोरडा, सच्छिद्र रीफ रॉक १५ ते १८ किलो घ्या. मालवण, रत्नागिरी किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून खडक उचलून आणू नका. पाषाण प्रवाळांच्या सगळ्या जाती, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मेलेला दिसणारा सांगाडाही त्यात येतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मालवणचे प्रवाळ आधीच गाळाखाली आणि तापलेल्या पाण्यात तग धरून आहेत. घरातल्या टाकीसाठी तिथला एक तुकडाही हलवू नये.

खडक थेट तळाच्या काचेवर रचा आणि वाळू नंतर घाला. वाळूवर खडक ठेवले आणि पुढे गोबी माशाने किंवा पिस्टल श्रिंप या कोळंबीने खालून बीळ केलं, तर रचना कोसळून काच जाते. खडकांमधून पाणी आरपार वाहील अशा मोकळ्या कमानी ठेवा. मग १ ते २ मिलिमीटर दाण्याची ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, तीन सेंटिमीटर थरासाठी सुमारे २० किलो. धुऊन घाला, वर प्लास्टिकचा कागद पसरा आणि त्यावर पाणी ओता. पहिला दिवस-दोन दिवस पाणी दुधाळ दिसेल. तो ॲरागोनाइटचा धुरळा असतो, आपोआप बसतो.

वेव्हमेकर (टाकीत प्रवाह खेळता ठेवणारा पंप) ताशी तीन-चार हजार लिटरचा पुरे. जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता हवा. तापमान २६ अंश. दिवे बंदच ठेवा. जिवाणूंना प्रकाश नको आणि उजेडाने फक्त शेवाळं फोफावेल.

अमोनिया कुठून आणायचा

जुनी पद्धत म्हणजे एक-दोन डॅमसेल मासे सोडायचे आणि ते जगले तर टाकी तयार. हे करू नका. डॅमसेल चिवट असतो म्हणून तो लगेच मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जळालेले कल्ले घेऊन तो आठवडे काढतो. मासे पाळणाऱ्याने मासा चाचणीच्या कागदासारखा वापरावा, हे मला कधीच पटलं नाही, आणि आता त्याची गरजही उरलेली नाही.

बाजारातली कोळंबी कुजत ठेवण्याची पद्धतही सांगितली जाते. काम होतं, पण किती अमोनिया सुटला ते आपल्या हातात राहत नाही, फॉस्फेट भरमसाट येतो, आणि बंद फ्लॅटमध्ये वास आठवडाभर जात नाही.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइड. हाच आपला नवसागर, कल्हईवाले वापरतात तो. पण किराणा दुकानातल्या नवसागरात धातूंची अशुद्धी असू शकते आणि तांब्याचा अंशही पुढे कोळंबी-शंखांना मारतो. तेव्हा प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्या. लहान बाटली वर्षानुवर्षं पुरते.

हिशोब असा. अमोनिया २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) करायला लिटरमागे सुमारे ६.३ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड लागतं. १० ग्रॅम पावडर आरओ पाण्यात विरघळवून एकूण ५०० मिलिलिटर द्रावण करा. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम आहे. १७० लिटरसाठी ५३ मिलिलिटर टाका. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विषारी, टाकीसाठी’ असं लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

अमोनिया ५ पीपीएमच्या वर नेऊ नका. जास्त टाकलं तर लवकर होईल असं वाटतं, पण जादा अमोनिया आणि नायट्राइट त्याच जिवाणूंची वाढ दाबून धरतात.

बाटलीतले जिवाणू

कोरड्या खडकावर ते घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्याशिवाय चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चांगल्या बाटलीने एक ते तीन आठवड्यांत काम होतं. लेबल वाचा. पूर्वी नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर असं धरलं जाई. १९९८ साली टिमोथी होव्हनेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात ते काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात. बाटलीवर अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा असतील, आणि ती खाऱ्या पाण्यासाठीची असेल, तर घ्या. नुसते बॅसिलस असतील तर ते गाळ कुजवणारे आहेत, त्यांनी सायकल होत नाही.

नायट्रीकरण करणारे जिवाणू बीजाणू बनवत नाहीत, त्यामुळे उष्णता त्यांना मारते. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत चार दिवस तापलेली बाटली बहुधा मेलेलीच हातात येते. थंडीत मागवा, किंवा दुकानातल्या फ्रीजमधली घ्या आणि मुदत पाहा. ओतण्याआधी बाटली जोरात हलवा, कारण जिवाणू तळाशी बसलेले असतात. त्यानंतर दोन-तीन दिवस स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) बंद ठेवा.

मोजमाप: इथेच सगळं ठरतं

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, सामू आणि केएच (अल्कलिनिटी, म्हणजे सामू घसरू न देण्याची पाण्याची क्षमता; एकक डीकेएच) यांचे द्रव किट लागतात. पट्ट्यांवर भिस्त ठेवू नका. पहिल्या दिवशी अमोनिया २ पीपीएमचा डोस टाका, तासाभराने मोजा. त्यानंतर एक दिवसाआड मोजून वहीत तारीख घालून लिहा.

अमोनियाच्या किटमध्ये पिवळा म्हणजे शून्य आणि किंचित हिरवट म्हणजे ०.२५. हा फरक ट्यूबलाइटखाली ओळखता येत नाही, आणि खाऱ्या पाण्यात पिवळा तसाही थोडा हिरवा झुकतो. यावर उपाय सोपा आहे. एका नळीत टाकीचं पाणी घ्या, दुसऱ्या नळीत ड्रममधलं ताजं कालवलेलं, न वापरलेलं खारं पाणी घ्या. दोन्हींत सारखेच थेंब टाका, सारखीच वेळ थांबा, मग खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदावर टेकवून शेजारी धरा आणि वरून खाली पाहा. दोघींचा रंग हुबेहूब एक असेल तर तुमचा अमोनिया शून्य आहे, कार्डावरचा ठिपका काहीही म्हणो.

काही दिवसांनी अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. २ पीपीएम अमोनियातून साडेपाच पीपीएमच्या आसपास नायट्राइट तयार होऊ शकतं, आणि बऱ्याच किटची मजल ५ पर्यंतच असते. गडद जांभळा रंग आठवडाभर बदलत नाही म्हणून लोक धीर सोडतात. एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग आरओ पाणी मिसळून मोजा, उत्तराला दहाने गुणा; आकडा हलतोय का ते लगेच दिसेल.

या काळात नायट्रेटच्या किटवर विश्वास ठेवू नका. ते किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग नायट्राइट मोजतं. टाकीत नायट्राइट असेल तर नायट्रेट अवाच्या सवा दिसतं आणि घाबरून पाणी बदललं जातं, ज्याची गरज नसते.

अमोनिया शून्याला आला की पुन्हा २ पीपीएमचा डोस द्या, मात्र नायट्राइट ५ च्या वर अडकलं असेल तर ते उतरेपर्यंत थांबा. दर डोसमागे शेवटी सव्वासात पीपीएम नायट्रेट जमा होतं आणि अर्धा-पाऊण डीकेएच अल्कलिनिटी खर्च होते. तीन-चार डोस झाले की केएच मोजा. ७ च्या खाली गेला असेल तर बफर घालून वर आणा. ‘सायकल अडकली’ अशी तक्रार ऐकली की मी आधी केएच विचारतो, मग तापमान, मग खारटपणा.

वीज गेली तर खडकावरच्या जिवाणूंना काही तास धोका नसतो, पण बंद कॅनिस्टर फिल्टरमधला प्राणवायू लवकर संपतो. वेव्हमेकर इन्व्हर्टरवर घ्या, किंवा बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवा. पुढे मासे आल्यावर तो लागणारच आहे. उन्हाळ्यात दुपारी टाकीचं तापमान किती होतं तेही याच आठवड्यांत पाहून ठेवा. कोरड्या हवेत पंख्याने दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या दमटपणात पंखा फारसा चालत नाही आणि २९-३० च्या वर जाणाऱ्या टाकीला चिलरच लागतो. तो खर्च प्रवाळ आणल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा.

टाकी तयार झाली, हे कसं ठरवायचं

एकदा अमोनिया शून्य दिसला म्हणजे सायकल पूर्ण नाही, आणि चार आठवडे झाले म्हणजेही नाही. २ पीपीएमचा पूर्ण डोस टाका. २४ तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य किंवा अगदी नगण्य असेल, तर दुसऱ्या दिवशी तोच डोस पुन्हा देऊन खात्री करा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर टाकी तयार. अमोनिया दोन्ही वेळा शून्य आहे आणि नायट्राइट किंचित रेंगाळतंय, तर वर सांगितलेल्या कारणाने खाऱ्या टाकीत ते प्राणघातक नाही. तरी मी आणखी काही दिवस थांबेन.

आता नायट्रेट खरं मोजता येईल. २०-२५ च्या वर असेल तर ३० ते ५० टक्के पाणी बदला, त्याच तापमानाच्या आणि खारटपणाच्या पाण्याने. शून्यावर आणू नका. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम राहू द्या. दोन्ही शून्यावर गेलेल्या नव्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचे तपकिरी, बुडबुडे धरलेले चिकट तंतू पसरतात आणि ते घालवणं फार कठीण जातं.

दिवे लावल्यावर वाळूवर तपकिरी थर येईल. हे डायटम्स (सूक्ष्म शेवाळं), सिलिकेट संपलं की जातात. मग हिरवी शेवाळं येतील. टाकी बिघडली असं समजून खडक बाहेर काढून घासू नका, जिवाणूंची वस्ती त्यावरच आहे. या टप्प्यावर ट्रोकस आणि सेरिथ गोगलगायी आणा. आता त्यांना खायला मिळेल. मासा येईपर्यंत काही दिवस जाणार असतील तर तीन-चार दिवसांआड अमोनियाचा अर्धा डोस देत राहा आणि मासा सोडण्याच्या आदल्या दिवशी थांबवा.

सायकल सुरू करतानाच एक जादा स्पंज फिल्टर या टाकीत ठेवून द्यायला विसरू नका. मासा आधी चार आठवडे वेगळ्या क्वारंटाइन टाकीत राहायला हवा, कारण क्रिप्टोकॅरियन आणि वेल्व्हेट हे माशांचे परजीवी रोग मुख्य टाकीत शिरले की तिथे औषध देता येत नाही. त्यांवरचं नेहमीचं औषध तांब्याचं असतं आणि तांब्याने गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ मरतात. क्वारंटाइन टाकीलाही जिवाणू लागतातच, आणि हा स्पंज तिथे नेला की त्याच दिवशी ती चालू होते.

पहिला मासा म्हणून हॅचरीत जन्मलेली ऑसेलॅरिस क्लाउनफिशची लहान जोडी घ्या. भारतात सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र कधीच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा मागण्याचं कारण नाही. जोडी सोडल्यावर पहिला आठवडा रोज अमोनिया मोजा, खाद्य दिवसातून एकदाच आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनी आणा. माशांची संख्या वाढते तसे जिवाणूही वाढतात, पण त्यांना तेवढा अवधी द्यावा लागतो. झोएन्थिड आणि मशरूमसारखी मऊ प्रवाळं दोन-तीन महिन्यांनी, केएच आणि खारटपणा आठवड्यामागून आठवडा स्थिर राहिला तर. पाषाण प्रवाळांचा विचार वर्षभर नको, आणि तेव्हाही कायदेशीर आयातीची कागदपत्रं हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.